खुर्चीचं पोट

खुर्चीवाली कशाला घाबरत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. जुन्या खुर्च्या आणि सोफे उसवून ती नव्यानं भरून द्यायची. दुकान खाली, घर वर. लोकांच्या सोफ्यांच्या पोटात काय काय निघतं हे ऐकलं तर माणूस जमिनीवर बसायला लागेल. उंदरांची घरटी, वाळलेली बिस्किटं, झुरळांचे तीन पिढ्यांचे संसार, आणि एकदा तर कुणाच्या तरी आजोबांची खालच्या जबड्याची कवळी. हे सगळं ती नुसत्या हातानं बाहेर काढायची, वर्तमानपत्रात गुंडाळायची आणि त्याच हातानं, धुऊन अर्थातच, चहा प्यायची.

पण प्रत्येक शूराचं एक दुखरं ठिकाण असतंच. भिंतीवर पाल दिसली की ही बाई स्टुलावर. पोटावर सरपटणारं, डोळे न मिटता बघणारं काहीही दिसलं की तिच्या अंगावर सर्रकन काटा यायचा. नवरा जहाजावर कामाला, वर्षातले बरेच महिने समुद्रावर. तेव्हा पाल हाकलायचं काम लेकीकडे. लेक बारा वर्षांची, बोलायला कमी आणि हट्टाला पक्की. ती पालीला हाकलायची नाही, समजावून सांगायची. पाल जायचीही.

अशा घरात सरडा आला तो मामाच्या कृपेनं. मामा म्हणजे खुर्चीवालीचा धाकटा भाऊ. त्याचा टेम्पो होता, लोकांचं सामान इकडून तिकडे न्यायचा, बहिणीच्या खुर्च्याही तोच पोचवायचा. एक कुटुंब घर आवरून फार लांब चाललं होतं आणि त्यांना हा प्राणी बरोबर नेता येत नव्हता. मामाला नाही म्हणता येत नाही, हा त्याचा जन्मजात आजार. तो काचपेटी, वरचा दिवा, वाळू, लाकडाचा ओंडका आणि ओंडक्याखालचा सरडा असं सगळं टेम्पोत घालून थेट भाचीच्या वाढदिवसाला हजर झाला. रिकाम्या हातानं कसा येणार, म्हणाला. खुर्चीवालीनं त्याला सांगितलं की तू जन्मभर रिकाम्या हातानं आलास तरी माझी तक्रार नाही. पण तोवर लेकीनं पेटीच्या काचेला नाक लावलं होतं, आणि गोष्ट हातातून गेली होती.

सरडा शेपटीसकट दीड वीत, वाळूच्या रंगाचा, गळ्याखाली काट्याकाट्यांची दाढी. बसण्याची ऐट अशी की निवृत्त झालेला एखादा अधिकारी वाटावा. लेकीनं त्याचं नाव भाऊसाहेब ठेवलं आणि त्याच्याबद्दल अहो-जाहो करून बोलू लागली. भाऊसाहेब झोपलेत. भाऊसाहेबांना आज भूक नाही. आई मात्र त्याला 'तो' म्हणायची, आणि तेही नाइलाजानं.

तह झाला. पेटी लेकीच्या खोलीत राहील, खोलीचं दार बंद राहील, त्याच्या खाण्याचे रातकिडे स्वयंपाकघराच्या आसपास फिरकणार नाहीत, आणि आईनं त्याच्याकडे बघावं अशी अपेक्षा कुणी ठेवणार नाही. तह काही महिने टिकला. मग लेकीच्या खोलीची खिडकी नीट लागेना, गार वारा यायला लागला, म्हणून पेटी मधल्या खोलीत आली. तिथून जाता-येता खुर्चीवालीची नजर पडायला लागली. एकदा तिनं बघितलं तर सरड्यानं पुढचा एक पाय उचलला आणि सावकाश गोल फिरवला. ती दचकून मागे झाली. लेकीनं खुलासा केला, की आपल्यापेक्षा मोठं कुणी समोर आलं की ते असा हात करतात, तुम्ही मोठे, मी लहान, असं सांगतात. या घरात आपल्याला मोठं मानणारं कुणीतरी आहे, हे ऐकून खुर्चीवालीला बरं वाटलं. तिनं ते बोलून दाखवलं नाही, पण त्या दिवसापासून जेवताना ती सहज विचारल्यासारखं विचारू लागली, तो जेवला का म्हणून.

हात मात्र तिनं कधी लावला नाही. लेक त्याला खांद्यावर घेऊन गृहपाठ करायची तेव्हा आई चार हात लांबून बोलायची. आणि सवयीप्रमाणे तोंड चालवायची. एकदा म्हणाली, "एक दिवस पेटी उघडी ठेवीन, जाईल आपला वाटेनं. सरड्याची धाव म्हणे कुंपणापर्यंत. आपल्याकडे तर कुंपणही नाही." मामा खो खो हसला. लेक हसली नाही. तिनं वहीतून डोकं वर काढून आईकडे एकदा बघितलं आणि पुन्हा खाली घातलं. बोलणारा बोलून मोकळा होतो. ऐकणाऱ्याजवळ ते राहतं.

मग शाळेची सहल निघाली. लेक चार दिवस नसणार. सहलीला जाऊ की नको यावर तिनं इतका विचार केला की शेवटी आईच चिडली. मी काय त्याला उपाशी मारणार आहे का, असं म्हणून तिनं जबाबदारी अंगावर घेतली. लेकीनं दोनदा सगळं समजावलं: दुपारी रातकिडे, मग पाला, संध्याकाळी दिवा बंद करून पेटीवर कापड घालायचं. ते सध्या कात टाकतायत, थोडे चिडके असतील, काचेचं दार सरकवून नीट लावायचं. आई सगळ्याला हो म्हणाली. लेक निघताना तिच्या चेहऱ्यावर विश्वास होता की नाही, हे कळायला मार्ग नव्हता.

पहिल्या दिवशी खुर्चीवालीनं गादीतून काथ्या ओढायच्या लांब चिमट्यानं रातकिडा पुढे केला, तोंड दुसरीकडे फिरवून. चिमट्याला हिसका बसला तेव्हा तिच्या तोंडून आवाज निघाला, पण खाली दुकानात गिऱ्हाईक नव्हतं हे नशीब. दुसऱ्या दिवशी तिनं तोंड फिरवलं नाही. त्याच दिवशी तिनं मामाला बोलावून काचपेटी खाली दुकानातच आणून ठेवली. कारण विचारलं तर म्हणाली, सारखा जिना कोण चढणार. खरी गोष्ट अशी की वरचं घर रिकामं होतं आणि तिला ते खायला उठत होतं. आणि सरडा ऐकणारा उत्तम. कुठल्या गिऱ्हाइकानं कसला रंग निवडला आणि त्याची अक्कल कुठं गेली होती, हे ती हातोडी चालवत त्याला सांगायची. तो डोळे उघडे ठेवून ऐकायचा आणि मध्ये बोलायचा नाही. हा गुण तिच्या माहेरी किंवा सासरी कुणातच नव्हता.

तिसऱ्या दिवशी हातात दातांच्या डॉक्टरांची खुर्ची होती. चार गल्ल्या पलीकडे त्यांचा दवाखाना. तिथली बाहेर थांबणाऱ्यांसाठीची ही मोठी, हातांची खुर्ची इतकी बसली होती की रुग्ण तिच्यात रुतायचे आणि त्यांचा नंबर आला की दोघांनी ओढून काढावं लागायचं. खुर्चीवालीनं ती सगळी उसवली. खाली नव्या पट्ट्या ताणल्या, त्यावर स्प्रिंगा बसवल्या आणि प्रत्येक स्प्रिंग आठ बाजूंनी दोरीनं बांधली. आठ बाजूंनी हल्ली कुणी बांधत नाही, चारांत भागवतात. तिनं कधी भागवलं नाही. वरचं कापडही घालून झालं. मग तळाचं काळं कापड तेवढं लावायला तिनं खुर्ची लाकडी घोडीवर उलटी घातली. घोडी काचपेटीला लागून, पेटीच्या दिव्याची ऊब सगळी खुर्चीच्या उघड्या पोटात जात होती.

दुपारी ती चिमट्यानं रातकिडा देत असताना डॉक्टरांचा फोन आला. खुर्ची केव्हा देणार, लोक उभे राहतात, दात दुखतोय की पाय हेच त्यांना सांगता येत नाही. उद्या सकाळी नक्की, असं ती तीन-तीनदा सांगत राहिली आणि बोलता बोलता रस्त्याकडे गेली. परत आली ती तडक दुसऱ्या एका सोफ्याच्या कामाला लागली. काचेचं दार बोटभर उघडं होतं. ते तिनं बघितलंच नाही.

या दुकानाचा एक नियम होता. ज्या म्हाताऱ्या कारागिरानं तिला हे काम शिकवलं, त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की खुर्चीचं पोट उघडं ठेवून दुकान बंद करायचं नाही. रात्रीत आत काय जाऊन बसेल सांगता येत नाही, आणि मग ते गिऱ्हाइकाच्या घरी बाहेर निघतं. खुर्चीवालीनं आयुष्यात अनेक नियम मोडले, हा कधी नाही. संध्याकाळी तिनं काळं कापड ताणलं, कडा दुमडल्या, तोंडातले बारीक खिळे एकेक काढत चारी बाजूंनी ठोकले. मग पेटीचा दिवा बंद केला, वर कापड घातलं, आणि भाऊसाहेब आज लवकर ओंडक्याखाली गेले असं समजून वर गेली.

सकाळी मामा खुर्ची घेऊन गेला. दुपारी लेक आली. पाठीवरची पिशवी दारातच टाकून ती पेटीकडे धावली. ओंडका उचलला. वाळू चाळली. सगळी वाळू पुन्हा चाळली. खुर्चीवालीनं तेव्हाच ते बोटभर उघडं दार बघितलं.

लेक वळली. रडली असती तर बरं झालं असतं, पण ती रडली नाही.

"सोडलंस ना त्यांना?"

आईनं शपथ घेतली. फोन आला होता, मी बोलत होते, दार राहिलं असेल, चुकून राहिलं. खरं तेच सांगत होती, पण तिच्याच कानाला ते खोटं वाटायला लागलं. लेकीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तूच म्हणाली होतीस, पेटी उघडी ठेवीन."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती म्हणाली होतीच. आणि खरं सांगायचं तर सुरुवातीच्या दिवसांत तिच्या मनात ते येऊनही गेलं होतं. गंमत म्हणून नव्हे, खरोखरच. लेकीनं खाली पडलेली पिशवी उचलली, जिना चढून वर गेली आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं.

खुर्चीवाली दुकानाच्या मधोमध उभी राहिली. सरडा गेला याचं तिला वाईट वाटत होतं, आणि इतकं वाटतंय याचं आश्चर्यही. पण तिला खरी भीती वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. या पोरीला आता जन्मभर वाटणार, की आपल्याला जे आवडत होतं ते आईनं मुद्दाम घालवलं आणि वर तोंडावर खोटं बोलली. असलं काही एकदा मनात पक्कं शिवलं गेलं की ते उसवायला कुणाकडे सुई नसते. ती मोठी होईल, घर सोडून जाईल, सगळं विसरेल आणि हे तेवढं विसरणार नाही.

तिनं शोधायला घेतलं. कापडाचे गठ्ठे उलटले, फोमच्या लाद्या हलवल्या, काथ्याच्या पोत्यात, स्वतःच्या नकळत, कोपरापर्यंत हात घातला. कपाटामागे, मशीनखाली, पायऱ्यांच्या सांदीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. शेवटी दमून ती लाकडी घोडीला टेकली आणि तिच्या तळहाताला काहीतरी कुरकुरीत लागलं. कातेचा पातळ तुकडा. घोडीच्या कडेला, पेटीच्या बाजूनं, एका कुसळाला अडकलेला. पुढे आणखी एक, अगदी तिथं, जिथं काल खुर्चीची कड टेकली होती.

ती त्या तुकड्याकडे बघत राहिली. मग दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली आणि लेकीच्या बंद दाराला म्हणाली:

"ऐक. मी त्याला सोडलं नाही. मी त्याला शिवून टाकलंय."

आतली कडी निघाली. मग दार उघडलं.

मामाचा टेम्पो गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. त्याची वाट बघण्यात अर्थ नव्हता. खुर्चीवालीनं हत्यारांची पिशवी काखेत मारली आणि दोघी निघाल्या. चार गल्ल्या, तिच्यासारख्या भरल्या अंगाच्या बाईनं शेवटचं कधी पळून बघितलं होतं कोण जाणे, पण ती पळाली. लेक बाजूनं पळत होती. आईचा हात तिनं धरला नव्हता. विश्वास अजून ठेवलेला नव्हता, नुसता तपासायला घेतला होता.

दवाखान्याची बाहेरची खोली भरलेली. कोपऱ्यात हीटर, हीटरशेजारी ती खुर्ची, आणि खुर्चीत एक गृहस्थ. गृहस्थ म्हणजे चांगलेच गृहस्थ. एका खुर्चीत दोन माणसांचा ऐवज. सुजलेल्या गालाभोवती मफलर गुंडाळून डोळे मिटून ते आरामात रेलले होते. त्यांना बघून लेकीचा चेहरा पांढरा पडला.

खुर्चीवालीनं त्यांना उठायची विनंती केली. गाल सुजल्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं, पण मान हलवता येत होती आणि ती त्यांनी ठामपणे आडवी हलवली. पुढचा नंबर त्यांचा होता आणि जगात या घडीला त्यांना सुख देणारी ही एकच वस्तू होती. नाव लिहून घेणारी बाई मध्ये पडली. काही बिघाड असेल तर संध्याकाळी बघा, आत्ता लोकांना त्रास नको. इथं खुर्चीवालीला एक सोपी वाट होती. एखादा खिळा राहिलाय म्हणाली असती तर भागलं असतं. दुकानाचं नाव राहिलं असतं. तिच्या तोंडात ते वाक्य तयारही झालं होतं. मग तिला लेकीची नजर आपल्यावर जाणवली.

तिनं घसा साफ केला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं सांगितलं, "या खुर्चीत माझ्या लेकीचा सरडा आहे. जिवंत आहे. माझ्या हातून आत शिवला गेला. चूक माझी आहे."

सुजलेल्या गालाचे गृहस्थ ज्या चपळाईनं उठले ती बघून सगळे थक्क झाले. एक बाई स्टुलावर चढली. खुर्चीवालीला तिच्याबद्दल आतून माया वाटली. आवाज ऐकून डॉक्टर बाहेर आले, तोंडाला पट्टी, हातात मोजे. त्यांनी सगळं ऐकलं, एकदा खुर्चीकडे आणि एकदा पोरीकडे बघितलं, आणि आत निघून गेले. आता काय बोलतात कोण जाणे, असं वाटत असतानाच ते परत आले. हातात छोटी बॅटरी आणि दात बघायचा तो लांब दांड्याचा चिमुकला आरसा. माझं कामच अंधारात वाकून बघायचं आहे, म्हणाले, उलटी करा.

खुर्ची उलटी झाली. खुर्चीवालीनं काल ठोकलेले खिळे एका बाजूनं उपसले आणि काळं कापड हातभर मोकळं केलं. डॉक्टर गुडघ्यावर बसून आरसा आत फिरवू लागले. नंबरसाठी भांडणारी माणसं माना पुढे काढून उभी होती.

"मागे, डावीकडे, अगदी शेवटी," डॉक्टर म्हणाले. "अक्कलदाढेच्या जागी."

लेक आडवी होऊन आरशात बघू लागली. हीटरच्या बाजूच्या कोपऱ्यात, शेवटच्या स्प्रिंगेच्या आणि लाकडाच्या मध्ये, भाऊसाहेब अंग चोरून बसले होते. एक डोळा उघडा होता. तो डोळा मिटला आणि पुन्हा उघडला. लेकीनं श्वास सोडला तो सगळ्यांना ऐकू आला.

पण नख्या अडकल्या होत्या. आतल्या गोणपाटाच्या धाग्यांत चारी पायांची बोटं गुंतली होती. डॉक्टरांनी पकड देऊ केली. लेक म्हणाली नको, ओढलं तर बोट तुटेल. हातानंच सोडवायला हवं. ती बाही वर करून पुढे सरकली, तशी आईनं तिचा दंड धरला. आत खिळ्यांची टोकं होती, कुठं आणि किती ते तिचं तिलाच ठाऊक. एखादी दोरी चुकीच्या बाजूनं ढकलली गेली तर स्प्रिंग उसळून पोरीच्या हाताला आणि सरड्याला एकदमच लागणार. आत जाऊ शकेल असा हात तिथं एकच होता.

खुर्चीवालीनं हाताकडे बघितलं. तिला भीती वाटत होती, लहानपणी वाटायची तशी, सरळसोट आणि लाज नसलेली. डॉक्टरांनी हातमोजा पुढे केला. तिनं मान हलवली, कारण मोज्यातून धागा कळत नाही. ती जमिनीवर पालथी झाली, गाल फरशीला टेकवला, डोळे मिटले आणि हात आत घातला.

पहिली दोरी. दुसरी. खिळा, त्याला वळसा. स्प्रिंगेचा खालचा वेढा. आणि मग ते. तिला वाटलं होतं गार, गिळगिळीत काहीतरी लागेल. लागलं ते कोरडं आणि खरखरीत, आणि हीटरमुळे ऊबदार. जाडाभरडा कपडा असतो तसं. आयुष्यभर ज्या वस्तूंना हात लावला त्यांच्यातलीच एक वस्तू, फक्त ही श्वास घेत होती. बोटाखाली ती बारीकशी बरगडी वर-खाली होताना तिला कळली. तिच्या मनात आलं, अगं बाई, हा तर माझ्याहून जास्त घाबरलाय.

त्यानंतर तिच्या हातानं तिला विचारलं नाही. उसवायचं काम त्याला येत होतं. एक नखी, एक धागा. दुसरी नखी, दुसरा धागा. ओढायचं नाही, सैल करायचं. शेवटचा पाय सुटला तेव्हा तिनं पंजा त्याच्या पोटाखाली घालायचा प्रयत्न केला, तसा तो आणखी मागे सरकला.

लेक तिच्या शेजारी तशीच पालथी पडली होती. तोंडासमोर तोंड. ती हळूच म्हणाली, "आता काही करू नकोस, आई. हात नुसता ठेव. त्यांना ठरवू दे."

आईनं हात ठेवला. खांद्याला कळ लागली, हातावर खिळ्याचं टोक रुतत होतं, तरी ठेवला. मग तिच्या तळहातावर एक पाय पडला. विचार करून दुसरा. पोट आलं, शेपटी आली, आणि चार नख्यांनी तिचं मनगट असं घट्ट धरलं की आता ही बाई गेली तरच मी जाणार.

हात बाहेर आला. धूळ लागलेले, चिडलेले, दाढी काळी करून फुगवलेले भाऊसाहेब खुर्चीवालीच्या बाहीवर बसून दवाखान्याकडे तुच्छतेनं बघत होते. खोलीत टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात वाजवल्या त्या सुजलेल्या गालानं. दात दुखतोय हे ते पार विसरले होते, आणि गालातल्या गालात, म्हणजे तिथं जागा होती तेवढ्यात, ते विचारू लागले की मी एवढा वेळ बसलो होतो, त्याला काही झालं तर नाही ना.

"काही नाही," खुर्चीवाली म्हणाली. ती अजून जमिनीवरच होती, केस सुटलेले, गालावर फरशीचा ठसा. "आठ बाजूंनी बांधल्यात मी. तुमच्यासारखे दोघं बसले असते तरी स्प्रिंग तळाला टेकली नसती."

लेकीनं दोन्ही हात पुढे केले, सरडा घ्यायला. मग ती थांबली. आईचा हात थरथरताना तिला दिसत होता, आणि तरी आईनं तो काढून घेतला नव्हता हेही.

"मला वाटलं तू मुद्दाम केलंस," ती म्हणाली.

"वाटणारच. बोललेच होते मी तसं. आणि एकेकाळी मनातही होतं." आईनं सरड्याकडे बघितलं. "आता नाहीये."

लेक तिच्या गळ्यात पडली. वेडीवाकडी, एका बाजूनं, मधल्याला धक्का लागणार नाही अशी. मग एवढा वेळ न आलेलं रडू तिला आलं, आणि स्टुलावर चढलेल्या बाईलाही आलं, तिचा काही संबंध नसताना.

खुर्चीचं पोट पुन्हा बंद करायचं होतं. डॉक्टर म्हणाले सावकाश उद्या करा. खुर्चीवालीनं ऐकलं नाही. उघड्या पोटाची खुर्ची सोडून ती आजवर कुठून गेली नव्हती. तिनं कापड ताणलं, खिळे ठोकले, लेकीनं कडा धरल्या, आणि हे सगळं होईपर्यंत भाऊसाहेब तिच्या खांद्यावर बसून होते. ते हलले नाहीत आणि तिनंही हलवलं नाही. आतून डॉक्टरांनी गृहस्थांना हाक मारली तर ते म्हणाले, आधी हे होऊ दे.

बाहेर पडल्यावर लेक म्हणाली की पदराखाली झाकून घे, लोक बघतील. बघू देत, आई म्हणाली. चार गल्ल्या ती रस्त्याच्या मधून चालली, मान ताठ, खांद्यावर सरडा, आणि मागून हत्यारांची पिशवी घेऊन लेक. दुकानदार दारात आले. एक सायकलवाला उतरून बाजूला झाला. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यानं दोन पावलं मागे सरकून विचारलं, चावतो का हो?

खुर्चीवालीला याचं उत्तर माहीत नव्हतं. ती काही बोलायच्या आत लेकीनंच सांगून टाकलं, "नाही. आईचं ऐकतात ते."

सरडे कुणाचंही ऐकत नाहीत हे दोघींनाही ठाऊक होतं. पण लेकीनं ते भर रस्त्यात, मोठ्यानं सांगितलं होतं, आणि खुर्चीवाली ते ऐकत घरापर्यंत चालत गेली.